या पाटीपुरतं खरं

स्वतःच्या स्मरणशक्तीवर आमच्या थोरल्या साडूभाऊंइतका भरवसा असलेला, आणि तितकाच विसराळू माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. जामखेडच्या पोस्टात ते तारमास्तर होते आणि उरल्या वेळात रेडिओ दुरुस्त करत. खरं तर रेडिओतून वेळ उरला तर पोस्टात जात. स्वतःच्या भाच्यांची नावं त्यांना कधी धड सांगता आली नाहीत. माझ्या मुलीच्या बारशाला आले ते थेट आमच्या रेडिओचं मागचं झाकण काढून बसले. पाळण्यात कोण आहे ते त्यांनी निघताना पाहिलं. सुप्याला एका लग्नाला म्हणून गेले, आणि भलत्याच मांडवात जेवून, आहेर करून, तिथला बंद पडलेला रेडिओ बोलता करून परतले. माणसं त्यांच्या लक्षात राहत ती रेडिओवरूनच. बाजारात कोणी भेटलं की विचारत, "आवाज कसा आहे आता?" आणि नवखा माणूस घसा खाकरून म्हणे, "बरा आहे."

पण रेडिओतला कुठलाही ट्रान्झिस्टर चिमटीत धरला की त्याच्या तीन पायांपैकी कुठला कुठे जोडायचा, हे त्यांना तोंडपाठ. कुठल्या सेटच्या आत भाग बसवायच्या पाटीवर कुठला पाय कुठल्या भोकात जातो, तेही. या पाट्या प्रत्येक कारखान्याच्या निराळ्या, आणि नगरच्या दुकानांतून घरगुती जुळणी केलेल्या तर आणखी निराळ्या. मी एकदा सुचवलं की हे लिहून ठेवा. त्यांना ते जवळजवळ लागलंच. "लिहून ठेवतो तो कारकून," ते म्हणाले.

एकाहत्तरची लढाई संपली त्या डिसेंबरात दोन कोसांवरच्या वाडीतली एक म्हातारी डोक्यावर रेडिओ घेऊन त्यांच्या दारात आली. तिचा एकुलता एक मुलगा पलटणीत होता. तो बेपत्ता असल्याचं पत्र आलं होतं. पलीकडच्या देशाच्या रेडिओवर पकडलेल्या जवानांची नावं संध्याकाळी वाचतात, असं तिला कोणी सांगितलं होतं, आणि मुलाने सुट्टीवर येताना आणलेला हा रेडिओ नेमका आता मुका झाला होता. साडूभाऊंनी तिला ओट्यावर बसवलं, हसतखेळत सेट उघडला, बिघडलेला ट्रान्झिस्टर बदलला आणि बटण फिरवलं. धूर निघाला. पाटी घरगुती जुळणीची होती. भोकांचा क्रम उलटा होता. त्यांनी दुसऱ्याच पाटीचा क्रम आठवून ट्रान्झिस्टरचे पाय हिच्यावर जोडले होते.

जळालेल्याच्या जागी नवा भाग पुण्याहून यायला पाच दिवस लागले. त्यांचा स्वतःचा रेडिओ नेहमीप्रमाणे उघडा पडलेला, त्याचे अर्धे भाग इतरांच्या सेटमध्ये गेलेले. पाचही दिवस संध्याकाळी म्हातारीला काही ऐकता आलं नाही. सहाव्या दिवशी ते सायकलवर सेट बांधून वाडीला गेले, आणि मग रोजच जाऊ लागले. तिच्याशेजारी बसून खरखरीतून नावं वेचत. नाव येत नव्हतं. त्या पाच दिवसांत वाचून झालं असेल, या विचाराने त्यांना अन्न जाईना. आमच्या मेव्हणी ताट वाढून समोर बसत आणि तसंच उचलून ठेवत.

जानेवारीत तार आली. ती त्यांनीच यंत्रावरून कानांनी ऐकली, स्वतःच्या हाताने उतरवली. मुलगा लढाईच्या दुसऱ्याच दिवशी पडला होता. आता खात्री झाली होती. पुढे कधीतरी त्यांनी मला सांगितलं, "तारीख ऐकली आणि आधी मला हायसं वाटलं. मजकूर अजून पुरता उतरला नव्हता. पोर मेलंय, आणि मला हायसं वाटतंय." 

तार त्यांनी शिपायाकडे दिली नाही. स्वतः नेली, वाचून दाखवली. शेजारच्या बाया गोळा झाल्या, रडारड झाली. सारं ओसरल्यावर म्हातारीने त्यांना जवळ बोलावलं.

"मास्तर, म्हंजी रेडू चालू असता तरी बी त्याचं नाव आलं नसतं?"

"नसतं आलं."

"मंग तुमी आता जेवत जा," ती म्हणाली. "तुमच्या घरच्या माउलीनं सांगितलं मला बाजारात."

त्यानंतर साडूभाऊंनी वही केली. हातात येईल त्या सेटच्या पाटीचं चित्र काढून पायांची नावं लिहीत आणि त्याची नक्कल झाकणाच्या आत चिकटवत. खाली लाल शाईने एक ओळ असे: या पाटीपुरतं खरं, दुसरीला लावू नये. लोक हसत. मीही हसलो होतो, आधी कारण ठाऊक नव्हतं म्हणून.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी जामखेडला गेलो. दुष्काळाचं साल, विहिरी कोरड्या पडलेल्या. साडूभाऊ मला वाडीला घेऊन गेले. वाटेत माझ्या मुलीची चौकशी त्यांनी दोन वेगवेगळ्या नावांनी केली. म्हातारी खडी फोडायच्या कामावरून नुकतीच आली होती. तिने पदराने रेडिओ पुसून मध्ये ठेवला, आणि साडूभाऊंनी शेतीचा कार्यक्रम लावला. कोणीतरी शहरी आवाजात उसाला पाण्याच्या किती पाळ्या द्याव्यात ते सांगत होतं. तिच्या रानात गवताची काडी नव्हती. तरी दोघंही मान खाली घालून, एक शब्दही सुटू नये अशा बेताने, ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.