खुर्चीत बसवलेला पाय

हरसूलच्या बाजाराचा दिवस, सकाळची पहिली गाडी, आणि कंडक्टर मी! दीड वर्षानंतर! तिकिटाचं मशीन पुन्हा गळ्यात! ड्रायव्हर म्हणाले, "ताई, लग्नाला निघाल्यासारख्या नटलात की." नटले होतेच. युनिफॉर्मला कडक इस्त्री होती, आणि डाव्या पायात डॉक्टरांनी दिलेला, गुडघ्यापर्यंतचा घट्ट मोजा होता. तो चढवताना रोज माझी दमछाक व्हायची.

त्याच्या दीड वर्ष आधी घरच्या जिन्यावरून पडून पाय मोडला होता. प्लास्टर घालून पडून असताना आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी झाली. औषधांनी गुठळी गेली आणि आम्ही पेढे वाटले. जरा घाईच केली. संध्याकाळपर्यंत पाय सुजायचा, ठणकायचा, घोट्याजवळची कातडी काळवंडली, आणि खाज तर अशी की मी टेबलाखाली फूटपट्टीने खाजवायचे. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की गुठळी होती तेव्हा शीर आतून सुजली होती, आणि रक्त खाली येऊ न देणाऱ्या बारीक झडपा त्यात खराब झाल्या. त्या काही पुन्हा नीट होत नाहीत.

"म्हणजे हा पाय असाच राहणार?"

"सांभाळलात तर चांगला राहील. पण पहिल्यासारखा नाही."

रोज सकाळ-संध्याकाळ पोटरी मोजून लिहून ठेवा, असं त्यांनी सांगितलं.

टेबलाचं काम मला डेपोच्या साहेबांनी दिलं होतं, माझी दया येऊन. भला माणूस. आठ तास मी खुर्चीत आणि पाय खाली लोंबकळत. हे ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, पोटरी म्हणजे पायातला पंप. चाललात की रक्त वर चढतं. एका जागी बसून राहणं तुम्हाला वाईट." मी तिथून उठले ती थेट साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन भांडले. मला परत गाडीवर पाठवा, म्हणून पाऊण तास भांडले. शेवटी ते म्हणाले, "एक दिवस जा गाडीवर. निघताना इथे पोटरी मोजा, आल्यावर पुन्हा मोजा. दोन सेंटीमीटरच्या वर वाढली तर खुर्ची, आणि परत हा विषय काढायचा नाही."

निघताना मोजली. साहेब बाईमाणसाच्या पायाकडे बघणार कसे, म्हणून कॅलेंडरकडे तोंड करून उभे. छत्तीस भरली.

गाडी त्र्यंबकलाच खच्चून भरली. नागलीची पोती, पिशवीतून मान काढणाऱ्या कोंबड्या, सुक्या मासळीचा वास. काय बरं वाटलं मला त्या वासाने! एक म्हातारी मला बघून ओरडलीच, "बाई, तू व्हय! लय दिसांनी! आमाला वाटलं तुजी बदली झाली."

"बदली नाही आजी, पाय रुसला होता."

"मंग आता?"

"आता बघू."

घाटाच्या वळणांवर मी पुढून मागे, मागून पुढे, चवड्यावर, टाचेवर. पोटरी आवळत होती, सुटत होती, आणि मला ते कळत होतं! हरसूलला चहासुद्धा मी उभ्याने, गाडीभोवती फेऱ्या मारत प्याले. ड्रायव्हर म्हणाले, "गाडीला प्रदक्षिणा घालताय का?" परतीच्या दुसऱ्या फेरीत मात्र मोज्याची कड गुडघ्यामागे रुतायला लागली, म्हणजे पाय सुजत चालला होता. आता ही शेवटची फेरी ठरणार, असं वाटून मी खिडकीबाहेर बघायचंच टाळलं.

डेपोत साहेब पुन्हा कॅलेंडरकडे वळले. मी मोजा उतरवला, टेप गुंडाळला. साडेअडतीस. पुन्हा मोजलं, तरी साडेअडतीसच. साहेबांची पाठ माझ्याकडे होती. अडतीस म्हटलं असतं तर कोण तपासणार होतं?

"किती?"

त्या अर्ध्या सेंटीमीटरचा मला इतका राग आला! पण खोटं बोलून मिळवलेली गाडी मला नको होती.

"अडीच वाढली."

 साहेब कॅलेंडरलाच विचारल्यासारखं म्हणाले, "आणि खुर्चीत बसून किती वाढायची?"

हे मला कोणी विचारलंच नव्हतं. आणि पाऊण तास तोंड चालवूनही तो आकडा मी सांगितला नव्हता!

"चार."

साहेब वळलेच, माझा पाय उघडा आहे हेही विसरून. "चार? मग इतके दिवस मी तुम्हाला कशाला बसवून ठेवलं होतं?" ड्युटीचा तक्ता त्यांनी पुढे ओढला. "उद्या सिन्नर. चालेल?"

"चालेल काय साहेब," मी जवळजवळ ओरडलेच, "चालायचंच तर आहे मला!"