अक्काचं हूं

तेरा वर्षांची होईपर्यंत मी बऱ्याच कादंबऱ्या वाचल्या होत्या आणि त्यातली एकही मला धड आवडली नव्हती. तरी वाचत होते. परतुरात तेव्हा निजामाची मोगलाई होती. शाळेत मुलगे उर्दू शिकत आणि आम्हा मुलींना कुणी काही शिकवत नसे. मला मराठी अक्षरं मामानं शिकवली. तो रेल्वेत तिकीट बाबू होता. औरंगाबादच्या वाचनालयातून पुस्तकं आणायचा आणि परत नेताना विचारायचा, "कसं वाटलं?" मी खरं तेच सांगायचे. "पोरगी लई तिखट बोलती," असं म्हणत तो हसायचा आणि पुढच्या खेपेला दुसरं पुस्तक आणायचा.

त्या वर्षी माझी मोठी बहीण, अक्का, पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. तिला कुंभार पिंपळगावात दिलेली. मुलगा झाला. तो दोन दिवस जगला. तिसऱ्या दिवशी आईनं पाळण्याच्या दोऱ्या सोडल्या आणि पाळणा माळ्यावर टाकला. त्यानंतर घरात त्या मुलाबद्दल बोलणं बंद झालं. आई "ते झालं तेव्हा" म्हणायची, शेजारणी "असलं झाल्यावर" म्हणायच्या. गेलं, एवढा साधा शब्दही कुणी तोंडातून काढला नाही.

अक्का रडली नाही. बोलायचीही बंद झाली. ताट पुढे आलं की जेवायची, ऊठ म्हटलं की उठायची. मलाही काही वाटत नव्हतं, हे मी इथे लिहून टाकते. मी दोन्ही वेळा जेवत होते, गाढ झोपत होते. आतून सगळं सुन्न झालं होतं. हातावर झोपल्यावर हात होतो तसं.

एक दिवस आई म्हणाली, "तुझं ते पुस्तक तिला वाचून दाखव. कानावर कायतरी पडू दे." मग अक्काकडे वळून म्हणाली, "अन् तू हूं दे बरं. न्हाईतर ही काय भिंतीला वाचून राह्यली का?"

आमच्याकडे गोष्ट सांगायची तर समोरच्यानं हूं द्यावं लागतं. हूं थांबलं की गोष्ट थांबते. अक्काला हे लहानपणापासून ठाऊक होतं. मी पहिलं वाक्य वाचलं आणि ती "हूं" म्हणाली. कित्येक दिवसांत तिच्या तोंडून निघालेला तो पहिला आवाज होता.

मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला होता. बाजारात भाव यायची वडील वाट बघत होते. त्या ढिगाला टेकून दुपारभर आम्ही बसायचो. सरकी पाठीला टोचायची. मी वाचायचे, ती हूं द्यायची.

पहिलं पुस्तक प्रेमाचं होतं. नायकानं नायिकेला देवळात एकदा पाहिलं आणि त्याला ताप भरला. तिलाही भरला. त्यानंतर दोघंही अर्धं पुस्तक अंथरुणात. त्या गावात अमावस्या कधी यायचीच नाही, रोज चांदणं. एकाही बाईनं भाकरी थापली नाही की विहिरीवरून पाणी आणलं नाही. आणि रडणं तर विचारूच नका. चिठ्ठी आली की रडणं, चिठ्ठी नाही आली की रडणं. मला राग यायला लागला. आमच्या घरात खरंखुरं काही घडलं होतं आणि इथे कुणाच्या डोळ्याला पाणी नव्हतं. ही माणसं मात्र काही न घडता घागरीनं आसवं ओतत होती. अक्काचं हूं नाकातून आलं, लांबलेलं. लहानपणी मी थाप मारली की ती असंच हूं म्हणायची. तेव्हा मला कळलं की तिचं ऐकणं चालू आहे. मी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "मलापण खरं वाटत न्हाई."

दुसरं पुस्तक जादूचं होतं. काचेचा महाल, बोलणारा घोडा, डोंगराच्या पोटातला मांत्रिक. हे बरं होतं, निदान कुणाला ताप येत नव्हता. पण माझी तक्रार अशी की त्या पुस्तकात कशालाच किंमत नव्हती. हात तुटला, लेप लावला, हात आला. घर जळलं, मंत्र म्हटला, घर उभं. मग घाबरायचं तरी कशाला? असं मनात म्हणत मी भराभर वाचत होते आणि एका पानावर साधूनं कमंडलूतलं पाणी मेलेल्या राजपुत्रावर शिंपडलं. राजपुत्र उठून बसला आणि त्याच्या आईनं त्याला मांडीवर घेतलं.

हूं आलं नाही.

मी मान वर करून बघितलं. अक्का हातातल्या कापसातून सरकी काढत होती. एक काढली, दुसरी काढली. आता काय करावं मला सुचेना. ते पान आधी वाचून ठेवायला हवं होतं, असं फार वाटलं. मी ते पुस्तक माळ्यावर टाकलं, पाळण्याच्या शेजारी. पुढचं मी आजपर्यंत वाचलेलं नाही आणि मला वाचायचंही नाही.

तिसरं पुस्तक देताना मामा म्हणाला होता, "ही जुनी, नावाजलेली कादंबरी. ही वाचली न्हाई तर वाचनारी म्हणू नको सोताला." उशीएवढी जाड, बारीक अक्षरांची. आणि काय कंटाळवाणी! एक नदी आली की चार पानं नदीच. गोष्ट जरा रंगात यावी तर लेखक मध्येच उभा राहून आम्हाला उपदेश करायचा. चांगली माणसं वाचता वाचता झोप यावी इतकी चांगली होती. मी नद्या गाळल्या, डोंगर गाळले, उपदेश तर सगळाच गाळला. आता अक्काचं हूं अर्धवट यायला लागलं. वाचणारीला वाईट वाटू नये म्हणून द्यायचं, तेवढंच. तिचं लक्ष उडालं असं मी धरून चालले.

आम्ही त्या पुस्तकाच्या मध्यावर होतो तेव्हा अक्काचे सासरे तिला न्यायला आले. ओसरीवर घोंगडी टाकली. चहा झाला. माणूस वाईट नव्हता, पण अडलेला होता. वडिलांना म्हणाला, "इवाई, वेचणी चालू हाय, घरात हात न्हाईत. सूनबाईला धाडा आता. कामात राह्यली की मन बी लागंल."

वडिलांनी आतल्या दाराकडे तोंड करून विचारलं, "काय अक्का? जायचं ना?"

अक्का दाराआड डोक्यावर पदर घेऊन उभी होती. मी तिच्या शेजारी. "हूं," ती म्हणाली.

ओसरीवर सगळ्यांना बरं वाटलं. आई लुगडी काढायला उठली. मला मात्र कितीतरी दिवसांनी काहीतरी वाटलं आणि ती भीती होती. ते हूं मी ओळखत होते. मी तशीच बाहेर गेले आणि म्हणाले, "ही हो म्हनाली न्हाई."

"मी ऐकलं की," वडील म्हणाले.

"ते हूं होकाराचं न्हाई. लक्ष नसलं की ती असं हूं देती. मी रोज ऐकते."

आईनं माझा दंड धरून मला मागे ओढलं. पाहुण्यांसमोर असं बोलणारी मुलगी म्हणजे घराची शोभा, हे मला तिच्या बोटांवरून कळलं. सासरे दाराकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, तुमीच सांगा. मी वाईट वाटून घ्यायचा न्हाई."

आतून अक्का म्हणाली, "पुस्तक राह्यलंय."

आईच्या हातातून माझा दंड सुटला. सासऱ्यांनी मला विचारलं, "केवढं राह्यलंय?" मी बोटांत जाडी दाखवली आणि जरा जास्तच दाखवली. ते हसले. "जल्दी वाच, पोरी. वाचून झालं की निरोप धाडा," म्हणाले आणि टोपी घालून उठले.

मी जल्दी बिलकुल वाचलं नाही. त्या लेखकाला मी इतकी नावं ठेवली होती, पण आता त्याच्या नद्या माझ्या उपयोगाला आल्या. गाळलेलं सगळं मी परत मागे जाऊन वाचलं. डोंगर वाचले, उपदेश दोनदा वाचला. अक्का हूं देत राहिली. एकदा मात्र मध्येच तिनं विचारलं, "ती चुलीपाशी बसलेली बाई परत कधी येती?"

मला आधी आठवेच ना. मग पानं चाळल्यावर सापडली. सुरुवातीला एका मोठ्या घराचं वर्णन होतं आणि त्यात एकच ओळ होती: धाकटी सून चुलीपाशी बसली होती, पण चूल पेटलेली नव्हती. त्यानंतर लेखकानं तिचं नावही घेतलं नव्हतं. अक्का इतके दिवस तिच्यासाठी थांबली होती. पुढे नद्या आल्या, लढाया आल्या, नायकाचं लग्न झालं, ती बाई काही आली नाही. एवढा नावाजलेला लेखक आणि आपल्याच घरातलं माणूस विसरला. माझं त्या पुस्तकाबद्दलचं मत आजही तेच आहे.

कापूस बाजारात गेला, खोली रिकामी झाली, आणि पुस्तकही संपायचं ते संपलं. शेवटचं वाक्य वाचून मी थांबले. अक्का माझ्याकडे बघत होती. मी पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं. मी त्या कोऱ्या पानावर डोळे ठेवून वाचायला लागले, "धाकटी सून चुलीपाशी बसली होती."

"हूं."

"सगळे जेवून गेले तरी ती बसून होती. कुणी तिला काही विचारलं न्हाई."

"हूं."

"मंग ती उठली. दारात येऊन बसली."

अक्कानं हूं दिलं नाही. पान कोरं आहे हे तिला बसल्या जागेवरून दिसत होतं. ती म्हणाली, "अन् तिचं लेकरू?"

पुस्तकात त्या बाईला लेकरू असल्याचं कुठेच नव्हतं. मीही त्याचं नाव काढलं नव्हतं. प्रेमाच्या पुस्तकात इथे सगळे धाय मोकलून रडले असते. जादूच्या पुस्तकात कुणीतरी पाणी शिंपडलं असतं. माझ्याकडे दोन्ही नव्हतं.

"गेलं," मी वाचलं.

"हूं," अक्का म्हणाली. हे हूं मी कधी ऐकलेलं नव्हतं. मग तिनं पदर तोंडाशी धरला आणि ती रडायला लागली. आई स्वयंपाकघरातून धावत आली, दारात थबकली आणि तिथेच उंबऱ्यावर बसून तीही रडली. मी पुस्तक मिटलं नाही. मलाही रडू आलं होतं आणि पान दिसत नव्हतं.