जस्तताई

जस्तताईंना चहाआधी वावर लागायचं. कुणाकडेही आल्या की ओसरीवर न टेकता थेट शेताच्या बांधावर, आणि पहिला सवाल, "इथं याच्या आधी काय होतं?" एका लग्नात मांडवाखालची माती चाचपत त्यांनी नवरीच्या बापालाही हेच विचारलं. तो बिचारा ओशाळून म्हणाला, "उकिरडा होता, ताई." ताई खुलल्या. "मंग तर जागा लई भारी हाय!"

त्या माती तपासणीच्या कामावर होत्या. लूनाच्या हँडलला कापडी पिशव्या अडकवून यायच्या. जस्ताबद्दल इतकं बोलायच्या, की आमच्या डोंगरकडा गावात त्यांचं खरं नाव कुणाला आठवत नसे. "वरणात मीठ किती लागतं? चिमूटभर. न टाकता खाऊन बघा. जमिनीला जस्त तसंच," म्हणायच्या.

मी सून होऊन आले तेव्हा मामंजी आणि त्यांचे चुलतभाऊ दाजीबा वर्षभरापासून एकमेकांशी बोलत नव्हते. वावरांच्या मधे एकच बांध. दाजीबांची केळी हिरवीगार, आमची पानं अरुंद, पांढरट पट्ट्यांची. दाजीबानंच पाण्यातून काहीतरी सोडलं, असा मामंजींचा पक्का समज.

ताईंनी दोघांनाही आपापल्या वावरात खड्डे खणायला लावले, माती नेली आणि काही दिवसांनी कागद घेऊन आल्या. दोघांना बांधावरच बोलावलं.

"मामा, माती दोन्हीकडं सारखीच. पण तुमच्या वावरातलं जस्त गेलंय."

"कुणी नेलं?" मामंजींनी दाजीबांकडे रोखून बघितलं.

"तुमीच. इतकी वर्षं केळीवर केळी. घड बाजारात, पानं-खांब बी वावराबाहेर. दाजीबांच्या वावरात आत्ताआत्तापर्यंत गवत होतं, मेंढरं बसायची, लेंडी पडायची. तिथलं तिथंच राहिलं."

मामंजी कितीतरी वेळ ढेकूळ फोडत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "दाजीबा, यंदा मेंढरं कुठं बसवून राहिलास?"

"अजून कुठं न्हाई. काहून?"

"माझ्या वावरात बसव."

दाजीबांनी रुमालानं डोळे पुसले आणि धुळीला शिव्या दिल्या.

ताईंनी जस्ताच्या खताचं मापही लिहून दिलं. पुढच्या लागणीची पानं अशी रुंद निघाली, की मामंजी येणाऱ्या-जाणाऱ्याला वावरात ओढून नेत.

काही वर्षांनी ताईंची बदली झाली. निरोपाला अख्खी गल्ली स्टँडवर. ताईंची ट्रंक एसटीच्या टपावर कुणी चढवायची, यावरून मामंजी आणि दाजीबांची जुंपली. गाडी हलली, ताई खिडकीतून हसत हात हलवत राहिल्या, आणि हे दोघं खाली भांडतच होते, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून.