विचारून पुढे जाणारी जमुना

जमुनाला पळताना ज्यांनी पाहिलंच नाही, त्यांना मी काय सांगणार, कपाळ! तरी सांगते, कारण हल्ली आमच्या अड्याळची पोरंसुद्धा तिचं नाव काढलं की "कोण?" म्हणतात.

एकोणऐंशी साल. मी तिथल्या शाळेत भूगोल शिकवत होते. बाजाराच्या दिवशी सायकलवरून येताना पुढे एक तरुण बाई दिसली. लुगडं खोचलेलं, डोक्यावर मासोळ्यांची ओली टोपली, पाय अनवाणी, आणि धावत होती. पायडल मारून मारून मी दमले, अंतर काही कमी होईना. मान अशी स्थिर, की टोपली झाडाला टांगलीय आणि खालून नुसते पाय पळताहेत असं वाटावं.

तलावात मासे धरणाऱ्या मोतीलालची ती बायको. त्याचं जाळं लांबच्या तलावात, म्हणून हिला निघायला उशीर, म्हणून हे धावणं. "मासोळी सडली तं कोन घेते, मॅडम?"

एक मात्र पाहिलं. पुढे एखादी म्हातारी मासेवाली दिसली की जमुना तिच्यामागे पाय आवरायची आणि विचारायची, "जाऊ का पुढं, माय?" म्हातारी "जा" म्हणाली की सुटायची. त्यांच्यातली रीतच ती. थोरलीला न विचारता तिच्याआधी बाजारात पोचायचं नाही.

मी तिला शर्यतीत उतरवायचं ठरवलं. मोतीलाल नाही म्हणाला. सासू बायाबाई म्हणाली, "रोज पळतेच तं हाय. लोकं पाहतीन तं का बिघडते?"

एक्याऐंशीत लाखनी ते भंडारा निवडीची शर्यत झाली. पहिली येईल तीच राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. मी पंचांच्या जीपमध्ये. अर्ध्या वाटेनंतर दोघीच उरल्या. पुढे नागपूरच्या निर्मलाबाई, वयानं मोठ्या, बऱ्याचदा जिंकलेल्या. मागे जमुना. धाप नाही, दमणूक नाही, आणि बाई पुढेही जात नाही!

"अगं, जा की!" मी ओरडले.

"विचारलं न, मॅडम! त्या बोलूनच नाई राहिल्या!"

तिनं परत विचारलं, "जाऊ का पुढं, ताई?" निर्मलाबाईंना वाटलं, चिडवतेय. "गप पळ!" त्या खेकसल्या.

"मी सांगते ना, जा!"

"तुमी सांगून का होते? तुमी तं जीपमंदी बसल्या!"

पंच हसले. मला हसू येईना. भंडाऱ्याची घरं दिसायला लागली होती. एवढी ताकद, आणि एका शब्दासाठी अडलेली!

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा निर्मलाबाईंनी वळून पाहिलं. ते काही चिडवणारं तोंड नव्हतं. धापा टाकत त्या म्हणाल्या, "जा, माझे आई, जा एकदाची!"

आणि ती गेली. काय गेली! जीपवाल्याला गिअर बदलावा लागला. पंचांचं हसणं बंद. रस्त्याकडेला उभे असलेले ट्रकवाले टाळ्या वाजवायचे विसरले. मी इतकी वर्षं नद्या नि वारे शिकवले, पण वेग म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

पुढे पाच-सहा वर्षं ती महाराष्ट्राकडून पळाली. दिल्ली झाली, कलकत्ता झालं, पदकं आली, पायांत बूट आले. विचारणं सुटलं नाही. मग थोरल्या धावपटूच तिची चाहूल लागली की तिनं विचारायच्या आधीच हात हलवून वाट द्यायला लागल्या.

सत्त्याऐंशीत तोच रस्ता, तीच निवड. पुढे जमुना, गुडघा दुखावलेला. मागून सिहोऱ्याची रुखमा आली, धानवाल्या शेतकऱ्याची पोर. ती कशाला विचारतेय! थेट बाजूनं निघाली. जमुना कडेला सरली आणि म्हणाली, "जा, पोरी."

संघातली जागा गेली. मी चिडूनच विचारलं, "ती काही विचारत नव्हती. तू कशाला बोललीस?"

जमुना गुडघा चोळत म्हणाली, "तिले माहीत नसंल, मॅडम. मले तं हाय न."