मुलींची खुर्ची

एका प्लास्टिकच्या खुर्चीसाठी आमच्या बालगृहाच्या विश्वस्तांनी तीन बैठका घालवल्या. पहिलीत विषय निघाला, दुसरीत हसण्यावारी गेला आणि तिसरीत दोघे जुने विश्वस्त चहा न घेताच उठून गेले. पुढे महिनाभर त्यांनी कोणाचा फोन उचलला नाही. खुर्ची माझ्याच गोदामातली, फुकट दिलेली. हट्ट आमच्या अधीक्षिका सुलभाताई आचरेकर यांचा: जिच्याबद्दल निर्णय व्हायचा, ती मुलगी आपल्याबरोबर टेबलाशी बसेल. यंदा ताई साठ वर्षांच्या होत आहेत आणि त्यांच्या या गौरवग्रंथात त्यांच्याविषयी चार गोड शब्द लिहा, असं मला बजावण्यात आलं आहे. प्रयत्न करतो.

पहिली भेटही डोकेदुखीचीच. माझा धंदा मांडवाचा. ताई बालगृहाच्या संमेलनासाठी मांडवाचं कापड बघायला लालबागच्या गोदामात आल्या, सोबत आठ-नऊ वर्षांची एक मुलगी. मी नेहमीचं लाल-पिवळं उलगडलं. ताई म्हणाल्या, "हिला दाखवा. त्याखाली मुली बसणार आहेत." पोरीने होते नव्हते तेवढे रंग उलगडायला लावले आणि शेवटी पांढरा पसंत केला. तोवर बाहेर गिऱ्हाईक खोळंबलेलं. पुढे वर्षभरात ताईंनी मला विश्वस्त करून घेतलं. का, ते मला अजून कळलेलं नाही.

नाश्त्याचा पदार्थ बदलायचा असो की पंख्याची जागा, ताईंचा प्रश्न एकच: "मुलींशी बोललात?" दहा मिनिटांचं काम दहा दिवसांवर जातं. मी चिडतो, ताई चिडत नाहीत, म्हणून मी आणखी चिडतो.

एका मुलीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. तिचं खरं नाव छापायचं नाही. दुसरं कोणतं लिहू, हेही ताईंनी तिलाच विचारायला लावलं. तिने 'जुई' सांगितलं. जुई तेव्हा बारा वर्षांची. घोडपदेवचे काका तिला न्यायला तयार होते. घर पाहून झालं होतं, बाल कल्याण समितीपुढे जायचे कागद तयार होते, फक्त आमची शिफारस बाकी. बैठकीत जुई त्या खुर्चीवर बसली होती. मी म्हटलं, "काय गं, काकांकडे जायचं ना? आवडेल ना?"

"हो."

"झालं. विचारलं. पुढचा विषय घ्या."

"भाऊ," ताई म्हणाल्या, "तुम्ही विचारलं नाहीत, सांगितलंत."

मग ताईंनी समोरचे कागद बाजूला सरकवले आणि त्या जुईकडे बघत राहिल्या. आम्हीही थांबलो. चहावर साय धरली. कोणीतरी घड्याळाकडे बघून खाकरलं. बऱ्याच वेळाने जुई म्हणाली, "छोटीला तिथे कुठल्या शाळेत घालणार?"

छोटी म्हणजे तिची सात वर्षांची बहीण, आमच्याच बालगृहातली. काकांची एकच खोली, ते एकीलाच नेणार होते. हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला माहीत होतं, तिला सोडून. दोघी जाणार, असं समजून ती 'हो' म्हणाली होती.

"तिला सोडून मी नाय जाणार," एवढंच ती म्हणाली.

शिफारस थांबली. काका माझ्यावर भडकले, समितीत खुलासा मलाच द्यावा लागला, ताईंवर चरफडतच दिला. आज दोघी बहिणी एकत्र आहेत. काका रविवारी दोघींना घरी नेतात, संध्याकाळी आणून सोडतात.

माझ्या मंडळींच्या ऑपरेशनच्या वेळी ताई परळच्या हॉस्पिटलात रोज पेजेचा डबा घेऊन आल्या. डॉक्टरांशी मी सगळं ठरवून टाकलं होतं. ताईंनी हिला विचारलं, "वहिनी, तुम्हाला काय समजावून सांगितलंय?" काहीच नाही. डॉक्टरांना पुन्हा यावं लागलं. ही अजून मला ते ऐकवते.

आता मात्र मी चारचौघांत छातीठोकपणे सांगतो: आमच्या संस्थेत मुलींना विचारल्याशिवाय पडदासुद्धा बदलत नाही.

ताईंचे गुडघे बरे राहोत, त्यांना भरपूर आयुष्य लाभो आणि आमच्या बैठका त्यांनी अशाच लांबवत राहाव्यात. सत्काराच्या रविवारी आभाराचे दोन शब्द बोलशील का, असं गेल्या आठवड्यात जुईला विचारलं. ती म्हणाली, "भाऊकाका, त्या दिवशी आम्हा मोठ्या मुलींची चित्रकलेची परीक्षा आहे."

सत्काराची तारीख मीच सुचवली होती. त्या बैठकीत मुलींच्या खुर्चीवर माझी बॅग होती.