फिलिप्पीची अर्धी बांगडी

आधीच सांगून ठेवते, असले चमत्काराचे अनुभव मी चहाबरोबर टाइमपास म्हणून वाचते. मी टेस्टिंग इंजिनीअर आहे. पुरावा नसेल तर नवऱ्याचंही ऐकत नाही. तेव्हा "ताई, भास झाला असेल" अशा कमेंट्स टाकायच्या असतील तर खुशाल टाका... मी हटणार नाही.

आम्ही आइंडहोवनजवळ बेस्ट नावाच्या गावात राहतो. शेजारी ओमा रीत. ओमा म्हणजे डचमध्ये आजी, आमची लेक त्यांना तशीच हाक मारायची. वय शहाऐंशी, कॅन्सर शेवटच्या टप्प्यात, बेड हॉलमध्ये खिडकीपाशी आणलेला. मे महिन्यात आम्ही ग्रीसला निघालो तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"फिलिप्पीला जाशील? संत पौल तिथे नदीकाठी बसून बायकांशी बोलला. मला जन्मभर जायचं होतं, राहिलंच. तिथलं घोटभर पाणी आण."

म्हणजे गंगाजलच की! नाही कसं म्हणणार?

गेलो. उन्हात आडवे पडलेले खांब, जुन्या गावापासून थोड्या अंतरावर झाडीत एक लहानशी नदी. बाटली भरताना हात दगडावर आपटला आणि बहिणीच्या लग्नात भरलेल्या हिरव्या चुड्यातली एक बांगडी वाढली. अर्धा तुकडा माझ्या डोळ्यांदेखत वाहून गेला. उरलेला अर्धा मी पर्सच्या चेनच्या कप्प्यात ठेवला, कारण बांगडीची काच कुठेही टाकायची नाही ही आईची शिकवण.

आणि मग माती खाल्ली. आई काशीहून आणते तशी ती बाटली टॉवेलात गुंडाळली आणि ठेवली कुठे, तर केबिन बॅगेत! सिक्युरिटीवाल्याने ती माझ्यासमोर कचऱ्यात टाकली. मी रडले हो, भर एअरपोर्टवर.

घरी आल्यावर माझा नवरा समीर म्हणाला, "अगं, पाणी ते पाणी. नळाचं भर. त्यांना काय कळणार?"

लाज वाटली, पण भरलं. डिशवॉशरमधून निघालेली जॅमची बरणी, उजेडात धरून पाहिलेली. आत काही नव्हतं — हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन.

दुपारी बरणी ओमांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीकडे धरली आणि विचारलं, "हे हिरवं काय आहे?"

तळाशी काचेचा तुकडा होता. मी पर्स उघडली. माझा अर्धा तिथेच, कप्प्यात. दोन्ही जुळवले... टोकाला टोक बसलं. पूर्ण बांगडी!

मग मला खोटं बोलवेना. "ओमा, माफ करा. हे आमच्या किचनच्या नळाचं पाणी आहे. नदीचं मी हरवलं."

त्यांनी बोट बुडवून कपाळाला लावलं, आणि एक घोट घेतला.

"नळाचं असेल," त्या म्हणाल्या. "पण तू गेली होतीस ना माझ्यासाठी?"

चार दिवसांनी त्या गेल्या. बरणीतला तो तुकडा त्यांनी मुठीतून सोडला नाही, त्यांच्या मुलीने तसाच त्यांच्याबरोबर पुरला.

समीर अजून म्हणतो, तो अर्धा वाहून गेलाच नसेल, तुझ्या बाहीत अडकला असेल. नदीवर त्या दिवशी मी बिनबाह्यांचा कुर्ता घातला होता, फोटो आहे. दुसरं कारण त्याच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. माझा अर्धा तुकडा देवघरात आहे. ज्याला तपासायचाय त्याने बेस्टला यावं, चहा मी करते.