दारावर मामा फक्त गाव विचारायचे

एखादी जागा चालू असते तोवर तिचे किस्से कुणी सांगत नाही, सगळे तिथे जाण्यातच गुंतलेले असतात. बंद पडली की मात्र किस्से वाढायला लागतात. मुंबईत आम्हा लोकांच्या, म्हणजे ज्या मुलींना मुली आवडतात आणि ज्या मुलांना मुलं, अशांच्या तीन जागा माझ्या डोळ्यांदेखत बंद झाल्या. तिसरी जुन्या गोदीजवळची. तो आमचा बार. त्याचं नाव लिहीत नाही. बंद पडलेल्या बारचं नाव लिहायलाही घाबरणारी मुलगी आहे मी.

आमच्या ग्रुपवर रोज कुणीतरी जुना किस्सा टाकतं. मी अजून एकही टाकलेला नाही, कारण माझ्या प्रत्येक किश्श्यात मी खोटं बोलतेय. आता वसमतला घरी बसून, खोलीची कडी लावून, एकदाचं लिहून टाकते.

*

तिथे आडनाव विचारायची पद्धत नव्हती. दारावर मामा बसायचे. गोदीतून रिटायर झालेले, कानावर कायम पेन. ते एवढंच विचारायचे, "गाव?" तुम्ही सांगाल तेच तुमचं नाव. म्हणून आमच्यात एक नागपूर होती, एक रत्नागिरी होता आणि दोन कोल्हापूर होते, ज्यांचं एकमेकांशी पटायचं नाही.

पहिल्या दिवशी मी त्या गल्लीत चार चकरा मारल्या. शेवटी मामाच म्हणाले, "बाई, आत तरी ये, नाहीतर रस्ता झिजेल." मग विचारलं, "गाव?"

वसमत म्हणायला तोंड उघडलं आणि डोळ्यांसमोर बाबांचं हळदीचं दुकान आलं, दुकानात चहा पीत बसलेले काका आले, काकांचे मित्र आले. मी म्हणाले, "पुणे."

पुण्यात मी आयुष्यात एकदाच उतरले होते. बस बदलायला!

*

अशा खोट्याचा निकाल लवकर लागतो. एके शनिवारी पुण्याचे एक वयस्कर गृहस्थ आले. खरेखुरे पुण्याचे. कुणीतरी कौतुकानं त्यांना माझ्या टेबलाशी आणून बसवलं.

"पुण्यात कुठे?" त्यांनी विचारलं.

"स्टेशनजवळ."

"स्टेशनच्या कोणत्या बाजूला?"

मला बाजू किती असतात तेही ठाऊक नव्हतं. म्हणाले, "आतल्या."

गृहस्थ सभ्य होते. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. नागपूरनं मात्र पुढचे सहा महिने मला "आतली बाजू" म्हणूनच हाक मारली.

*

एकदा संध्याकाळी साडेसातला अचानक सगळे दिवे गेले. मी ओळखलं, पोलीस. धावत बाथरूममध्ये शिरले आणि आतून कडी लावून फोन साफ करायला घेतला. ग्रुप उडवला, फोटो उडवले, मग नंबर. घाईघाईत जो दिसेल तो नंबर उडवत गेले.

बाहेरून मामांचा शांत आवाज आला, "पुणे, पोलीस न्हवेत. केक आहे."

रत्नागिरीचा वाढदिवस होता. माझ्यासाठी एक तुकडा झाकून ठेवला होता. तो खाताना मान वर करवेना. मी एका मिनिटात या सगळ्यांना पुसून टाकलं होतं आणि ते मला केक देत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी घाबरत विचारलं, "कोण बोलतंय?"

"तुझी आई बोलायली," वसमतहून उत्तर आलं. "काहून, काय झालं?"

*

मामांना खोकला झाला तेव्हा मी घरची हळद नेली. दुधातून घ्या म्हणाले, आणि कुणी न विचारताच सांगितलं की पुण्याला एक चांगलं दुकान आहे, तिथून आणली.

मामांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. पाकिटावर बाबांच्या दुकानाचं नाव आणि खाली ठळक अक्षरांत 'वसमत'. मी ते बघितलंच नव्हतं!

त्यांनी हळद डब्यात ओतली, पाकिटाची बारीक घडी केली आणि कुणाला दिसायच्या आत खिशात घातली. म्हणाले, "पुण्याची हळद चांगली असते."

*

हा किस्सा सांगायचं मी बरीच वर्षं टाळतेय.

एका शनिवारी दारावर मामांनी "गाव?" विचारलं आणि एका मुलानं उत्तर दिलं, "डोंगरकडा." अगदी मोकळ्या आवाजात. सगळे हसले. त्यांना वाटलं गंमत करतोय. मी मात्र हातातला ग्लास खाली ठेवला. डोंगरकडा आमच्याच जिल्ह्यात. मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्याला माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

मी गप्पच राहणार होते. तेवढ्यात वेटरनं सोडा सांडला आणि माझ्या तोंडून गावाकडची बोली निसटली, "काहून एवढी घाई?"

त्याचा चेहरा असा उजळला! "ताई, तुमी आमच्याकडच्या?"

"मी पुण्याची."

"मंग 'काहून' काहून म्हणल्या?"

"मैत्रीण बोलते तसं. सवय लागली."

त्यानं मान हलवली. "बराबर," म्हणाला आणि आपला ग्लास थोडा पलीकडे सरकवला.

नंतर तो पुष्कळदा आला. एकटाच बसायचा. बार बंद झाला त्या संध्याकाळी तो मामांना सांगत होता की सगळं मिळालं इथं, फक्त आपल्याकडचं कुणी भेटलं न्हाई. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. पाण्याची बाटली उघडून पाणी प्यायले.

*

पुढे एकदा मुंबईला गेले तेव्हा गल्लीत डोकावले. बारच्या जागी गाद्यांचं शोरूम झालंय. मामांच्या खुर्चीच्या जागी टाय लावलेला सेल्समन. त्यानं विचारलं, "मॅडम, काय बघताय?"

मी एक उशी विकत घेतली. ती वसमतपर्यंत मांडीवर घेऊन आले. आई अजून विचारते, मुंबईहून उशी काहून आणली?

*

गेल्या महिन्यात मावशीनं स्थळ आणलं. मुलाचा फोटो मी भीतीनं उघडलाच नाही. नाही कसं म्हणायचं हे ठरवण्यातच आठवडा गेला, आणि रविवारी पाहुणे येऊन बसलेसुद्धा. मी खाली मान घालून चहा दिला. मुलाच्या काकांनी साखर कमी तर नाही ना, असं त्याला विचारलं.

"बराबर हाय," तो म्हणाला.

तोच मोकळा आवाज! ट्रे मावशीनं धरला म्हणून वाचला.

मग मावशीच म्हणाली की पोरांना जरा बोलू द्या, आणि आम्हा दोघांना गच्चीवर पाठवलं. गच्चीभर हळद वाळत होती. मला उभं राहायला जागा सापडेना.

"फोटो बघूनच आलो मी," तो म्हणाला.

त्यानं शर्टाच्या खिशातलं पेन काढलं, कानावर ठेवलं आणि जिन्याच्या दारात जाऊन, हाताची घडी घालून उभा राहिला.

"गाव?"

खाली सगळे बसले होते. तरी म्हणाले. इतक्या मोठ्यानं म्हणाले की माझी मीच दचकले.

"वसमत!"

खाली सगळे एकदम गप्प झाले. मग मावशीचा आवाज आला, "जमलं वाटतं."